खालची ओळ आप्पांची

आमच्या यंत्राचं पहिलं कर्तृत्व म्हणजे आईची घावनं करपली.

दिवेआगरला आमच्या घरामागच्या वाडीत ते यंत्र बसवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. आई घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देते, आणि न्याहारीला घावनं आणि ओल्या खोबऱ्याची चटणी ठरलेली. तिने नेहमीसारखा तवा तापवला, नेहमीसारखं पीठ ओतलं, आणि झाकण काढेपर्यंत घावन काळं. दुसरंही तसंच. तिने आधी शेगडीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"काय केलंस गं माझ्या गॅसला?"

केलं होतं ते असं. आईच्या स्वयंपाकघरातलं खरकटं आणि शेजारच्या गोठ्यातलं शेण यांच्यावर आमचा गोबरगॅस चालतो. त्या गॅसमध्ये जळणारा मिथेन असतो, तसा न जळणारा कार्बन डायऑक्साइडही भरपूर असतो. तो काही कामधंदा न करता शेगडीपर्यंत येतो, आच मंद करतो आणि हवेत निघून जातो. मी त्याला वाटेतच अडवून वेगळा काढला होता. त्यामुळे आईच्या वाट्याला जवळजवळ निखळ मिथेन आला आणि आच एकदम चढली. अडवलेला कार्बन डायऑक्साइड मला हवा होता. वाडीत सौर पॅनलच्या ओळी उभ्या केल्या होत्या, त्यांची वीज कपाटाएवढ्या एका यंत्रात जायची. आत पत्र्याच्या पट्ट्या होत्या, आणि त्यांच्यावर कथिलाचा पातळ लेप, तांब्याच्या भांड्याला कल्हई करतात तसा. त्या पट्ट्यांवर कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि वीज यांची गाठ पडली की फॉर्मिक आम्ल तयार होतं. आंब्यावरचे लाल मुंगळे चावले की जी आग होते, ती ह्याच आम्लाची. चामड्याच्या आणि रबराच्या धंद्यात ते लागतं, आणि एरवी ते जमिनीतून काढलेल्या वायूपासून, नाहीतर कोळशापासून करतात. आम्ही ते खरकट्यातून आणि उन्हातून करू पाहत होतो. जगभरच्या धुराड्यांपुढे आमचं कपाट म्हणजे काहीच नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण कुठेतरी सुरुवात करायची तर ती आपल्या घरामागे का नको, असं मला वाटायचं.

आईने सगळं ऐकून घेतलं, शेगडीची चावी निम्म्यावर आणली आणि म्हणाली, "मग आधी सांगायचंस न्हाय काय? घावनं फुकट गेली."

मी पनवेलकडच्या एका प्रयोगशाळेत काम करते. तिथून मला सांगितलं होतं, गोबरगॅस असलेलं एखादं घर बघ, शेजारी उघडी जागा हवी, ऊन भरपूर हवं. उघडी जागा! आमच्या वाडीला कधी कुणी उघडी म्हणेल असं लहानपणी मला सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. वर माड, त्यांच्या खाली पोफळी, पोफळींना लागून केळी, मध्ये जायफळं, आणि जे उभं सापडेल त्याच्यावर मिरीचा वेल. ऊन जमिनीपर्यंत पोचायचंच नाही. भर मे महिन्यात वाडीत गेलं तर पायाला ओल लागायची. टाळेबंदीच्या वर्षी जे वादळ आलं, त्याने एका दुपारी हे सगळं आडवं केलं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा सत्तरीला टेकले होते. करवतीवाले आले, पडलेली खोडं कापून बाहेर ओढू लागले, तेव्हा शेवटचं खोड निघेपर्यंत आप्पा तिथे उभे होते. मग त्यांनी घराचं मागचं दार लावलं आणि मागच्या पडवीतली आपली खुर्ची उचलून पुढच्या ओटीवर आणली, रस्त्याकडे तोंड करून. त्यानंतर ते वाडीत गेले नाहीत. पुढे कुणी नवी रोपं देऊ केली तर म्हणाले, "नको. बघवत न्हाय." जेवणानंतर सुपारी कातरायची त्यांची जन्माची सवय, तीही सुटली. आई म्हणायची, माणूस घरात आहे पण घरात नाही.

मी पॅनल लावायची परवानगी विचारली तेव्हाही ते रस्त्याकडेच बघत होते. "लाव," म्हणाले. "आता तिथं ऊनच पिकतंय. काढ त्याचं पीक."

मी आत जाऊन उगाचच पाणी प्यायले.

यंत्र नीट चालावं असं मला वाटत होतं, ते पोटाचंच काम आहे माझं. पण त्याहून मला हवं होतं ते हे, की आप्पांनी एकदा तरी ते मागचं दार ओलांडून वाडीत पाऊल टाकावं. हे मी प्रयोगशाळेत कुणाला बोलले नाही. बोलून सांगण्यासारखं ते कारण नव्हतं. पॅनल बसवायचं काम चाललं होतं तेव्हा मी आपली निमित्तं काढून बघितली. "आप्पा, जुना पाट कुठून जात होता? खड्डा खणायचाय, जरा दाखवता?" तर उत्तर आलं, "आईला विचार." मागे छिद्रं पाडायच्या यंत्राचा एवढा आवाज, आणि आप्पा पुढे वर्तमानपत्र वाचत बसलेले. हट्टीपणात मी त्यांच्यावर गेलेय असं आई म्हणते. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता.

प्रयोगाची अट एकच होती. पाऊस सुरू व्हायच्या आधी यंत्र सलग, एकसारखं चालल्याचं दाखवायचं. नाही जमलं तर सगळं सामान उचलून दुसरीकडे न्यायचं. आमच्या मॅडम स्पष्ट बोलणाऱ्या. "जास्त नको मला," म्हणाल्या, "सारखं हवं." मी यंत्र चालू करून दिलं, आईला कुठलं बटण दाबायचं ते शिकवलं आणि पनवेलला परतले. यंत्रातून किती वीज जाते ते मला मोबाइलवर दिसायचं. सूर्य उगवला की रेष चढायची, मावळला की उतरायची. पहिले काही दिवस मी ती रेष कौतुकाने येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते.

मग ती बिघडली. ऊन चढायच्या वेळेला रेष वर जायची, ती एकदम खाली यायला लागली. सकाळी ठीक, जरा ऊन तापलं की धप्प. संध्याकाळपर्यंत तशीच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ठीक, पुन्हा धप्प. मी आईला फोन केला. "आई, तिकडे आभाळ येतंय का?"

"आभाळ कसलं बाय, अंगाची लाही होतेय," आई म्हणाली आणि तिने घाईघाईने फोन ठेवला.

म्हणजे दोष यंत्रातच. गोबरगॅसमध्ये गंधकाचा एक वायू असतो, कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो. तो आत शिरला तर कथिलाच्या लेपाचं वाटोळं करतो. आमची गाळणी त्याला अडवत नसणार, असं मी ठरवून टाकलं. मग सकाळी यंत्र बरं कसं होतं? रात्री विसावा मिळून पट्ट्या सावरत असतील, असं मी स्वतःला पटवलं. माणसाला एकदा कारण सापडलं की बाकीचं तो बरोबर जुळवून घेतो. नवी गाळणी मांडीवर घेऊन मी निघाले. तळा गावावरून आगरदांड्याला आले, फेरीबोटीतून दिघीला उतरले, आणि वाटभर मनातल्या मनात भांडत होते, गाळणी विकणाऱ्याशी, मॅडमशी, आणि खुर्चीत बसून राहणाऱ्या आप्पांशीही.

घरी पोचले तर ओटीवरची खुर्ची रिकामी.

"आप्पा कुठेत?"

आईने तोंडावर बोट ठेवलं आणि माझा दंड धरून मला स्वयंपाकघरातून मागे नेलं. मागचं दार उघडं होतं. बाहेर लख्ख ऊन, आणि माझ्या पॅनलच्या खालच्या ओळीवर आप्पांचं जुनं धोतर पसरलेलं. नुसतं टाकलेलं नाही, चारी टोकांना सुंभ लावून चौकटीला तंगवून बांधलेलं. त्याच्यावर कोकमाची सालं. आमच्या विहिरीकडेचं एक कोकमाचं झाड वादळातून वाचलंय, त्याची. आप्पा डोक्याला टॉवेल गुंडाळून एकेक साल उलटत होते. बाजूला पातेल्यात मीठ घातलेला कोकमाचा रस होता. सालं त्या रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची, पुन्हा बुडवायची, अशी पुटं दिल्याशिवाय आमसूल काळं आणि आंबट होत नाही. रसाचे लाल ओघळ माझ्या काचेवरून खाली आले होते.

पॅनल साखळीसारखे एकमेकांना जोडलेले असतात. एक ओळ झाकली गेली की सगळ्यांचाच जोर जातो. गाळणी ठणठणीत होती, गंधक बिंधक काही नव्हतं. मी दोन पावलं पुढे टाकली, तर आईने पुन्हा दंड धरला.

"काही बोलू नकोस त्यांना," ती हळू आवाजात म्हणाली. "अंगणात पाव्हण्यांच्या गाड्या, कौलांवर माकडं. मी म्हटलं, सालं कुजायला लागली, आता तुम्हीच बघा कुठं घालायची ती. तर बडबडत घमेलं उचललं आणि दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं फिरतील मागं. पण गेले गं. तवापासून रोज जातायत."

"तुला माहीत होतं? मी फोन केला तेव्हा?"

"व्हय. सांगितलं असतं तर तू त्यांना उठवलं असतंस."

माझा राग गेला असं नाही. तो कुठे ठेवावा तेच कळेना. दारातून बघत राहिले. आप्पांनी सालं उलटून झाल्यावर हात धोतराला पुसले आणि ते पॅनलच्या ओळींमधून चालू लागले. एके ठिकाणी थांबले. तिथे पूर्वी आमचा सगळ्यात उंच माड होता. त्यांनी पायाच्या अंगठ्याने माती उकरून बघितली, खाली बसून चिमूटभर उचलली आणि बोटांत चुरडली. किती वर्षांनी मी त्यांना असं बसलेलं पाहत होते. मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं.

मग त्यांचं लक्ष गेलं. "बाय, तू कवा आलीस?" म्हणत ते उठले. माझा चेहरा बघून त्यांना काहीतरी उमगलं असावं. "ही काच नुसतीच तापत बसलीय," ते म्हणाले. "म्हटलं, तेवढीच आमसुलं वाळतील."

"आप्पा, ती नुसती तापत नाही हो. त्या उन्हाचीच तर वीज होते," मी म्हटलं, आणि साखळीचं सांगितलं.

ते ऐकत होते. माझं बोलणं संपायच्या आत त्यांनी वाकून सुंभाची गाठ सोडायला घेतली. "आधी सांगायचंस न्हाय काय. नुकसान झालं तुझं." दोघांचं वाक्य एकच. पण घावनं करपली तेव्हा आईने ते कुरकुरत म्हटलं होतं. आप्पांचा आवाज अपराध्यासारखा झाला होता. मला पुढचं सगळं दिसलं. ते धोतर गुंडाळतील, घमेलं उचलतील, आत जातील, आणि दार पुन्हा लागेल. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"राहू द्या ते. ही खालची ओळ तुमची. वरच्या माझ्या."

"आणि तुझी वीज?"

"कमी होईल थोडी. चालतंय."

मी खोटं बोलतेय का ते चाचपत असल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाना आणि पक्कड आणली, खालच्या ओळीच्या तारा साखळीतून सोडवल्या आणि वरच्या ओळी आपसात जोडून टाकल्या. आप्पा शेजारी उभे राहून पक्कड धरत होते. त्या संध्याकाळी मॅडमचा फोन आला.

"वीज कमी का दिसतेय?"

"एका ओळीवर सावली पडत होती. ती ओळ काढून टाकली."

"कसली सावली?"

"वडिलांची," मी म्हणून गेले, आणि मग सगळंच सांगितलं.

"आता सारखं चालेल ना?" एवढंच मॅडमनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग राहू दे," म्हणाल्या.

आणि ते सारखं चाललं. पूर्वीपेक्षा कमी, पण रेष कशी आखल्यासारखी. उलट काही दिवसांनी ती किंचित वर सरकली. आईला विचारलं तर कळलं, आप्पा सकाळी ओला फडका घेऊन माझ्या ओळीसुद्धा पुसतात. पुढे तर त्यांचाच फोन यायला लागला. "आज रस्त्याचं काम चाललंय, धुरळा उडतोय. तुझी वीज कमी झाली तर यंत्राला दोष देऊ नकोस." त्याआधी आयुष्यात त्यांनी मला आपण होऊन फोन केल्याचं मला आठवत नाही. मी आईला फोन करायचा आणि तिने तो आप्पांच्या हातात द्यायचा, अशी आमच्या घरची रीत. मी ऑफिसात असले तरी उठून बाहेर जाऊन बोलायचे.

पावसाच्या आधी प्रयोग पार पडला. तयार झालेलं आम्ल पातळ होतं, ते मी प्रयोगशाळेत नेऊन तीव्र केलं आणि थोडं परत घेऊन आले. माझ्या मनात एक गोष्ट होती. बाजारात मासळी साफ केल्यावर डोकी, आतडी, कल्ले उरतात, ते टाकून देतात आणि ते सडतं. त्यात हे आम्ल थोडं मिसळलं तर सडणं थांबतं आणि काही दिवसांत सगळं विरघळून पातळ खत होतं. आईकडे मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीने घमेलंभर आणून दिलं, वर म्हणाली, "येडी हाय काय गं तुजी पोर? चांगली मासली सोडून डोकी मागते." मी हातमोजे आणि चष्मा चढवून पिंप भरलं. आप्पा लांबून बघत होते.

"आम्ही माडांना मासळी घालायचो," ते म्हणाले, "तवा सगळी आळी नाक धरून फिरायची. पाव्हणे पळतील तुझ्या आईचे."

काही दिवसांनी पिंपाचं झाकण उघडलं. आप्पांनी जवळ येऊन अंदाज घेतला. "आंबूस हाय. घाण न्हाय." त्यांना पटलं होतं. ह्यात राख किंवा चुना घालून आंबटपणा मोडायचा, मग भरपूर पाणी घालून मुळाशी ओतायचं, असं मी सांगितलं. काठीने पिंप ढवळत ते म्हणाले, "चांगलं हाय. पण घालायचं कुणाला?"

त्यांनी सभोवार पाहिलं. पॅनल होते, यंत्र होतं, विहीर होती. आईने चहा झाला म्हणून हाक मारली आणि आम्ही आत गेलो. त्या रात्रभर मला वाटत राहिलं की मी त्यांची जखम पुन्हा उघडी केली. त्यांच्या हातात खत दिलं आणि झाड दिलं नाही.

पाऊस लागला तशी यंत्राची गत खेळण्यासारखी झाली, ऊन पडेल तेवढं चालायचं. श्रावणात मी पट्ट्यांचा लेप तपासायला गेले. आप्पा ओटीवर नव्हते. खुर्चीही नव्हती, ती मागच्या पडवीत गेली होती. मी वाडीत उतरले. पॅनलच्या पाठीमागे, त्यांच्या उंच बाजूला, एक लांब रांग दिसली. आळी केलेली, प्रत्येक आळ्यात पोफळीचं रोप, गुडघ्याच्या वर आलेलं. शेजाऱ्यांनी आपल्या वाचलेल्या झाडांच्या बियाण्यातून वाढवलेली रोपं होती ती. आप्पा त्यांतल्या एकाच्या बुडाशी माती लावत होते. डब्यात पिंपातलं खत होतं, पाणी घालून पातळ केलेलं.

"दक्षिणेचं ऊन पोफळीच्या पोराला सोसत न्हाय," मान वर न करता ते म्हणाले. "खोड भाजतं. एरवी केळी लावून आडोसा करतात. इथं तुझी काच हायेच. आणि तिच्यावर सावली पडायची न्हाय, बघून लावलंय. उत्तरेच्या अंगाला लावलंय सगळं."

मी खाली बसले. माझ्या उन्हाला धक्का न लावता त्यांनी आपली सावली शोधून घेतली होती. मी एका रोपाच्या पानावरचा चिखल पुसू लागले.

"हे तुझं सामान किती वर्षं हाय इथं?" त्यांनी विचारलं.

"तीन तरी. पुढचं मी बघेन."

"तीन पुरे. मग ती आपलं ऊन आपण सोसतील."

"आणि सुपारी कधी धरेल, आप्पा?" मला ठाऊक होतं. तरी विचारलं.

"सहा वर्षं. पाणी कमी पडलं तर सात." त्यांनी हातातली माती दाबून बसवली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते उठले आणि रांगेकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. त्यांचं वय आता पंचाहत्तरीच्या घरात आहे.

"तेवढं थांबायलाच लागेल मला," ते म्हणाले आणि पुढच्या आळ्याकडे वळले.